मालवणात कुठे, कधी आणि काय जेवावे: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

मालवणात जेवायला कुठे जावे, असे कोणी विचारले की मी आधी त्यांना विचारतो, तुम्ही कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वारी येणार आहात. या गावातले जेवण बोटींवर अवलंबून असते. बोट काय घेऊन आली, किती वाजता लागली आणि त्या दिवशी समुद्रात जाता आले की नाही, यावर दुपारचे ताट ठरते. हे ज्याच्या लक्षात येते त्याला चार बाकड्यांच्या खानावळीतही मनासारखे जेवण मिळते, आणि ज्याच्या लक्षात येत नाही तो नावाजलेल्या ठिकाणी तासभर ताटकळून बर्फातली सुरमई खाऊन परत जातो. म्हणून पुढची माहिती हॉटेलांच्या यादीसारखी न देता, नवख्या माणसाने कोणत्या क्रमाने काय करावे अशा पद्धतीने लिहिली आहे.

१. येण्याआधी महिना आणि वार पाहा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. या दोन महिन्यांत मालवणात येऊ नये असे मी म्हणणार नाही, पण तेव्हा ताटात येणारी सुरमई किंवा पापलेट बहुधा शीतगृहातले असते, हे मनाशी धरून यावे. पावसाळ्यात खरे चांगले मिळते ते खाडीतले मासे, कुर्ल्या म्हणजे खेकडे आणि सुके मासे. सुक्या बांगड्याची किसमूर म्हणजे खोबरे घातलेली कोशिंबीर, गरम भात आणि वर नुसती कढी हे जेवण बाहेर पाऊस कोसळत असताना जितके गोड लागते तितके हिवाळ्यात लागत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या मात्र पावसाळ्यात बंद असतात.

ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण झाला की पारंपरिक मच्छीमार नव्या जोमाने समुद्रात उतरतात. तिथून पुढे बांगडा, तारली आणि कोळंबी यांचे दिवस सुरू होतात. माझ्या मते पहिल्या भेटीसाठी ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मे महिन्यांत उकाडा असतो आणि शाळांच्या सुट्टीमुळे गर्दीही असते, पण ओले काजू, फणस, आंबे आणि रातांबे म्हणजे कोकमाची फळे याच काळात येतात, त्यामुळे शाकाहारी माणसाने उलट उन्हाळाच निवडावा.

वारांकडे नवखा माणूस लक्ष देत नाही आणि तिथेच फसतो. इथल्या अनेक घरांत सोमवारी मासे खात नाहीत, काही घरे गुरुवार किंवा शनिवारही पाळतात. श्रावणात तर कित्येक घरगुती खानावळी महिनाभर फक्त शाकाहारी जेवण देतात किंवा दार बंद ठेवतात. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे माशांचे वार समजावेत. गणेश चतुर्थीच्या दिवसांत खानावळी चालवणारी माणसे स्वतःच्या घरच्या गणपतीत गुंतलेली असतात, त्यामुळे त्या दिवसांत जेवणाची सोय आधी नक्की केल्याशिवाय निघू नये.

आणखी दोन काळ टाळावेत किंवा पूर्ण तयारीने यावे. एक म्हणजे नाताळ ते १ जानेवारी. दुसरा म्हणजे मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा. या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते, ती दरवर्षी देवीचा कौल घेऊन जाहीर होते आणि साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते. त्या दोन दिवसांत रस्ते, एसटी, लॉज आणि खानावळी सगळेच भरलेले असते.

२. सोबत काय ठेवावे

फार काही लागत नाही, पण पुढच्या गोष्टी नसल्या की अडते.

- सुटे पैसे. यूपीआय जवळपास सगळीकडे चालते, पण किनाऱ्यालगत नेटवर्क अचानक जाते, आणि मासळी विकणाऱ्या बाईला पाचशेची नोट देऊन खोळंबा करू नये.
- वयाचा पुरावा असलेले ओळखपत्र. राहण्यासाठी ते लागतेच, आणि मद्य घेणार असाल तर त्यासाठीही लागते.
- राहण्याच्या ठिकाणी स्वयंपाकाची सोय असेल तर झाकणाचा स्टीलचा डबा आणि जाड पिशवी. मासळी पातळ पिशवीत घेतली की वाटभर पाणी गळत जाते.
- ॲलर्जीच्या गोळ्या, विशेषतः आजवर कोळंबी किंवा शिंपल्या न खाल्लेल्या माणसांसाठी.

३. गावाची रचना समजून घ्या

कोकण रेल्वेने आलात तर कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली ही जवळची स्थानके आहेत, आणि विमानाने आलात तर चिपी येथे २०२१ साली सुरू झालेला सिंधुदुर्ग विमानतळ. दुपारी उशिरा पोहोचणार असाल तर वाटेतच जेवून घ्या, कारण मालवणात साडेतीननंतर चुली थंड झालेल्या असतात.

गाव लहान आहे. भरड हा वरचा भाग, तिथून खाली बाजारपेठ, आणि बाजारपेठ संपली की बंदर आणि किल्ल्याच्या होड्या सुटतात ती जेटी. उत्तरेकडे मेढा, धुरीवाडा आणि चिवला किनारा लागतो. दक्षिणेकडे दांडी, वायरी, पुढे सात-आठ किलोमीटरवर तारकर्ली आणि शेवटी कर्ली नदी समुद्राला मिळते ते देवबाग.

जेवणाच्या दृष्टीने या भागांचे स्वभाव वेगळे आहेत. भरड आणि बाजारपेठेतली हॉटेले जुनी आणि सरावलेली आहेत, तिथे वाढण्याची घाई असते पण चव सहसा दगा देत नाही. गावातली चैतन्य आणि अतिथी बांबू ही नावे पर्यटकांच्या तोंडी वर्षानुवर्षे आहेत. तिथे जायचे तर दुपारी साडेबाराच्या आत पोहोचावे, कारण किल्ला पाहून परतलेली मंडळी एक ते अडीचच्या दरम्यान एकदमच बाजारपेठेत येतात. जेटीच्या अगदी तोंडाशी असलेल्या ठिकाणी चहा, सरबत घ्यायला हरकत नाही, जेवणासाठी मात्र थोडे आत चालत जावे. तारकर्ली-देवबाग भागात बहुतेक ठिकाणी राहण्याच्या जागेलाच जोडून घरगुती जेवण मिळते, आणि ते सांगून ठेवल्यावरच केले जाते.

४. जेवणाआधी बंदरावर चक्कर मारा

ही पायरी बहुतेक लोक वगळतात, आणि माझ्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची आहे. सकाळी लवकर, किंवा संध्याकाळी बोटी लागण्याच्या सुमारास बंदरावर जा. बोटीतून टोपल्या उतरतात, मासळी ओतली जाते आणि लिलावाची बोली सुरू होते. बोली इतक्या वेगाने चढते की नवख्याला आकडे कळत नाहीत, आणि कळण्याची गरजही नाही. तुम्ही फक्त कोणत्या माशाचे ढीग मोठे आहेत ते पाहायचे. ज्या माशाचे ढीग मोठे, तो त्या दिवशी ताजाही असतो आणि स्वस्तही. बांगड्याचा ढीग पडलेला असेल आणि पापलेट दोन-चारच दिसत असतील, तर त्या दिवशी बांगडा खावा, मग मनात पापलेट कितीही असले तरी.

दांडी-वायरीच्या किनाऱ्यावर नशिबात असेल तर रापण ओढताना दिसते. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसे मिळून ओढतात. मिळालेली मासळी रापणीत सामील असलेल्यांत वाटली जाते. पाहायला जरूर थांबा, पण चपला घालून जाळ्यावर पाय देऊ नका आणि ओढणाऱ्यांच्या मधे फोटोसाठी घुसू नका. जाळे वर आल्यावर तिथेच मासळी विकतही मिळते आणि त्याहून ताजी दुसरीकडे मिळणार नाही.

मासळी विकत घेणार असाल तर लिलावात न पडता बाजूला बसलेल्या विक्रेत्या बायकांकडून घ्या. त्या वाटे लावून बसलेल्या असतात. पारख पुढीलप्रमाणे करावी. माशाचा डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, खोलगट आणि पांढुरका झालेला नको. कल्ला उचलून पाहावा, आत लालभडक रंग दिसला पाहिजे, तपकिरी दिसला तर सोडून द्यावे. अंगठ्याने दाबल्यावर पडलेला खड्डा लगेच भरून यायला हवा. कोळंबीचे डोके अंगाला घट्ट धरलेले असावे. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या तोंड मिटलेल्या असाव्यात, उघड्या असतील तर टिचकी मारल्यावर मिटल्या पाहिजेत. कुर्ली जिवंत आणि हाताला जड लागणारी घ्यावी. मासा निवडल्यावर तो साफ करून, तुकडे करून मागावा. त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात आणि त्यावर घासाघीस करू नये.

बांगडा, तारली आणि कुपा (ट्यूना) या माशांबाबत एक इशारा. हे मासे उन्हात बर्फाशिवाय राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होते, आणि ते शिजवल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे असे त्रास होतात. त्यामुळे दुपारच्या उन्हात उघड्यावर पडलेला बांगडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

५. खानावळ निवडा आणि सांगून ठेवा

बंदरावरून परतताना जेवणाचे ठरवावे. रस्त्यावर ‘घरगुती मालवणी जेवण’ अशा पाट्या इतक्या आहेत की पाटीवरून काहीच कळत नाही. मी दोन गोष्टी पाहतो. पहिली, तिथे स्थानिक माणसे जेवायला बसलेली आहेत का. बँकेतले कर्मचारी, एसटीचे चालक-वाहक आणि बाजारातले दुकानदार जिथे रोज जेवतात तिथे चव आणि दर दोन्ही ठीक असतात. दुसरी, ‘आज ताजा काय गावला?’ या प्रश्नाला काय उत्तर मिळते. जो मालक दोन-तीन माशांची नावे सांगून ‘बाकीचे आज नाहीत’ असे म्हणतो, त्याच्याकडे निर्धास्त बसावे. बारा महिने सगळेच मासे मिळतात असे सांगणाऱ्याकडे शीतपेटी मोठी असते. भिंतीवर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक लावलेला असायला हवा, तोही एकदा पाहून घ्यावा.

घरगुती ठिकाणी किमान तीन-चार तास आधी फोन करून किती माणसे, कोणता मासा आणि लहान मुलांसाठी कमी तिखट काय, हे सांगून ठेवावे. वाटप म्हणजे खोबऱ्याचा ओला मसाला ताजा वाटायचा असतो, नारळ खोवायचा असतो, वडे थापायचे असतात. हे सगळे तुम्ही दारात उभे राहिल्यावर सुरू होऊ शकत नाही. आणि एकदा सांगितले की वेळेवर पोहोचावे. आठ माणसांचा स्वयंपाक करायला लावून न फिरकणारे पर्यटक इथे कमी नाहीत, आणि त्या घरातल्या बाईने पहाटेपासून केलेले काम आणि घातलेला पैसा दोन्ही वाया जातात. बेत बदलला तर निदान फोन करून कळवावे.

६. ताट मागवताना काय पाहावे

फळ्यावरची नावे पहिल्यांदा गोंधळात टाकतात. इसवण म्हणजे सुरमई, सरंगा म्हणजे पापलेट, सुंगटे म्हणजे कोळंबी, माकुल म्हणजे म्हाकुळ (स्क्विड) आणि मोरी म्हणजे लहान शार्क. शेवंड (लॉबस्टर) हा सर्वांत महाग प्रकार आहे आणि तो बहुधा वजनावर विकला जातो.

माशाच्या ताटात साधारणपणे तळलेला एक तुकडा, एक वाटी आमटी, एखादे सुके, भाकरी किंवा चपाती, भात आणि सोलकढी असते. ताटाचा दर माशानुसार बदलतो, म्हणजे बांगड्याचे ताट स्वस्त आणि सुरमई-पापलेटचे महाग. फसगत होते ती इथे: फळ्यावर एका ताटाचा दर लिहिलेला असतो, पण त्यात तळलेला मासा धरलेला आहे की तो वेगळा घ्यायचा आहे, आमटी आणि भात पुन्हा मिळतो की नाही, हे लिहिलेले नसते. तेव्हा बसण्याआधीच तीन प्रश्न विचारावेत: तुकडा किती मोठा, आमटीत मासा असतो की नुसता रस्सा, आणि पुन्हा वाढायचे वेगळे पैसे आहेत का. ‘दर माशाप्रमाणे’ असे लिहिले असेल तर मासा तव्यावर जाण्याआधी तो प्रत्यक्ष पाहून दर पक्का करावा. असे विचारण्यात कोणाला वाईट वाटत नाही, इथले लोकही विचारतातच.

सगळे जण फ्राय मागवतात. फ्राय चांगला असतोच, विशेषतः रव्यात घोळवून तव्यावर तळलेला, पण मालवणी स्वयंपाकाची ओळख आमटीत आणि तिखल्यात होते. बांगड्याचे तिखले मिळाले तर ते सोडू नये. लाल मिरची, कोकम आणि ठेचलेले तिरफळ हा कोकणी मसाला यांत शिजवलेला तो दाटसर प्रकार आहे. तिरफळाने जिभेला किंचित बधिरपणा येतो, तो तसाच यायचा असतो. तिरफळाचे दाणे मात्र चावून खायचे नसतात, ताटाच्या कडेला काढून ठेवायचे असतात. एकट्याने जेवत असाल तर फ्रायचे ताट घ्यावे, चौघे असाल तर दोन वेगवेगळ्या माशांची ताटे, एक तिसऱ्यांचे सुके आणि एक तिखले असे वाटून घ्यावे.

मासे नको असतील तर कोंबडी-वडे मागवावेत. गरम, फुगलेले वडे आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपातला कोंबडीचा रस्सा हे सणासुदीचे जेवण आहे, आणि वडे थंड झाले की चिवट होतात, म्हणून ते एकदम न मागवता दोन-दोन मागवावेत.

दुपारी तारकर्लीला स्कूबा किंवा इतर जलक्रीडा करणार असाल तर आधी भरपेट जेवू नये. सकाळी आंबोळी किंवा घावणे आणि चटणी एवढेच खाऊन जावे आणि परतल्यावर जेवावे.

७. शाकाहारी असाल तर

शाकाहारी माणसाचे मालवणात हाल होतात, हा समज मला मान्य नाही. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळी, मार्च ते मे या काळात ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, आणि गोडात नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या किंवा शिरवाळे हे पदार्थ याच मातीतले आहेत. अडचण एवढीच की फळ्यावर ते क्वचित लिहिलेले असतात आणि न सांगता गेलात तर पनीरची भाजी समोर येते. आदल्या दिवशी सांगून ठेवले तर घरगुती खानावळीत ते आनंदाने करून देतात. तवा आणि तेल वेगळे हवे असेल तर ते स्पष्ट शब्दांत सांगावे, किंवा सरळ शाकाहारी हॉटेलात जावे. बाजारपेठेत तशी हॉटेले आहेत.

८. काय प्यावे

सोलकढी इथे जेवणाचाच भाग आहे. नारळाचे दूध काढून त्यात कोकमाचा आगळ म्हणजे दाट रस, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची आणि मीठ घातले की ती तयार होते. खऱ्या सोलकढीचा रंग फिकट गुलाबी असतो आणि ती थोडा वेळ ठेवली की दूध वर आणि पाणी खाली असे वेगळे होऊ लागते. भडक गुलाबी आणि तासन्‌तास एकजीव राहणारी सोलकढी मिळाली तर ती तयार पावडरीची असण्याचा संभव असतो. नारळाचे दूध उन्हाळ्यात लवकर आंबते, त्यामुळे रात्री उशिरा दुपारची सोलकढी घेऊ नये. नारळ न घालता केलेले कोकमाचे पेय, म्हणजे तिवळ, मिळाले तर तेही आवर्जून प्यावे, उन्हातून आल्यावर त्याने जास्त बरे वाटते.

किल्ल्यावर जाताना पाण्याची बाटली सोबत न्या. चहूबाजूंनी समुद्र असूनही किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्या जरूर पाहाव्यात, पण पिण्यासाठी आपले पाणी वापरावे. रस्त्यावर शहाळे घ्यावे. बर्फ घातलेले सरबत घेताना बर्फ कोणत्या पाण्याचा आहे ते विचारावे.

मद्याबाबत नियम माहीत असलेले बरे. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू असून मद्यप्राशनासाठी परवाना लागतो. बिअर व वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे. घरगुती खानावळीत मद्य मिळत नाही, आणि बाहेरून आणून तिथे बसण्याचा आग्रह धरू नये, कारण ते कुटुंबाचे राहते घर असते. त्यासाठी परवाना असलेले बार आहेत. किनाऱ्यावर उघड्यावर पिणे हा गुन्हा आहे, आणि वाळूत फुटलेल्या बाटल्यांनी रापण ओढणाऱ्यांचे पाय कापतात. गोवा जवळ असल्यामुळे तिथून येताना स्वस्त बाटल्या आणण्याचा मोह अनेकांना होतो. फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेले मद्य महाराष्ट्रात आणणे बेकायदेशीर आहे आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग सीमेवरच्या रस्त्यांवर गाड्या तपासतो. माल जप्त होतो, गाडी अडकते आणि गुन्हाही दाखल होतो.

९. घरी काय न्यावे

मालवणी मसाला, कोकम, आगळ, काजू आणि गुळात घोळवलेले आल्याच्या चवीचे खाजे या वस्तू बाजारपेठेत मिळतात. मसाला शक्यतो महिला बचत गटांच्या विक्रीतून घ्यावा आणि वास घेऊनच घ्यावा. ताज्या मसाल्याचा वास पुडी उघडताच नाकात भरतो. सुके मासे घेताना ते पूर्ण कडक वाळलेले आहेत ना, हे मोडून पाहावे. ओलसर राहिलेल्या सुक्या माशांना बुरशी धरते. रेल्वेने नेणार असाल तर ते दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून मग डब्यात ठेवावेत, नाहीतर शेजारच्या प्रवाशांना रात्रभर त्रास होतो.

कोकमाच्या बाटल्या घेताना गल्लत होते, ती टाळावी. सरबताच्या बाटलीत साखर असते आणि ती पाण्यात मिसळून प्यायची असते, तर आगळ हा मीठ घातलेला कोकमाचा दाट रस असतो. सोलकढीसाठी आगळच लागतो. घरी करताना आधी आगळ घालून चव पाहावी आणि गरज वाटली तरच वरून मीठ घालावे.